लेथयंत्राची उलटी चाल

बटण दाबले की यंत्र थांबले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. लेथयंत्राच्या बाबतीत ती खरी नाही. बटणाने थांबतो तो वीजप्रवाह. स्पिंडल आणि त्याच्या टोकावरचा चक आपल्या वेगाने फिरतच राहतात. या वेगाचे करावयाचे काय, एवढाच प्रश्न येथे आम्हांस विचारात घ्यावयाचा आहे.

समजा, चक 200 मिलिमीटर व्यासाचा असून मिनिटाला 600 फेरे घेत आहे. हिशेब केला तर त्यात साठलेली ऊर्जा तोच चक सुमारे 1 मीटर उंच उचलण्याइतकी भरते. फेरे 1200 केले, की ती दुप्पट नव्हे, चौपट होते. अशा चकाला कित्येक कारागीर तळहाताने थोपवू पाहतात! नगावर मजुरी मिळणाऱ्यास अर्धे मिनिटही महाग असते, हे आम्ही जाणतो. परंतु चकाच्या जबड्यात बाही सापडली, तर वाचवलेल्या अर्ध्या मिनिटाची किंमत हाताने मोजावी लागते. थोपवण्याचे काम ब्रेकचे आहे. तो या ऊर्जेची उष्णता करतो आणि ती स्वतः सोसतो.

मग यंत्र उलटे फिरवावयाचे तरी कशाला? आटे पाडताना त्याची गरज लागते. लीड स्क्रू मेट्रिक मापाचा आणि पाडावयाचे आटे इंची मापाचे असले, म्हणजे हाफ नट एकदा सोडल्यावर टूल पुन्हा त्याच खाचेत येईल याचा भरवसा नसतो. म्हणून नट तसाच धरून ठेवायचा, टूल बाहेर घ्यायचे आणि स्पिंडल उलटा फिरवून कॅरेज मागे आणायचे.

येथे दोन धोके संभवतात. काही यंत्रांचा चक स्पिंडलवर उजव्या आट्यांनी बसवलेला असतो. नेहमीच्या चालीत कापण्याच्या जोराने तो घट्ट होत जातो. पण स्पिंडल एकाएकी थांबला किंवा उलटला, तर चक आपल्या जडत्वाने पुढे जातो, सैल होतो आणि प्रसंगी निखळून पडतो. कॅम-लॉक पद्धतीने जखडलेल्या चकाला ही भीती नसते.

दुसरा धोका मोटारीचा. थ्री-फेज मोटारीच्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली, की ती उलटी फिरते. मात्र भर वेगात असे केल्यास विजेचा प्रचंड लोंढा येतो आणि गिअरांना हिसका बसतो. केंद्रोत्सारी स्विचची सिंगल-फेज मोटार तर भर वेगात उलटतच नाही. कळ फिरवली तरी ती पूर्वीच्याच दिशेने धावत राहते, आणि कारागीर फसतो.

तात्पर्य, सुलट आणि उलट या दोहोंच्या मध्ये पूर्ण विराम हवा. आजची इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे हा विराम आपोआप पाळू शकतात. जेथे ती नाहीत, तेथे तो माणसानेच पाळावयाचा असतो.