विश्लेषण : ७५० रुपयांची साडी विकल्यावर हातात किती उरते? घरबसल्या रिसेलिंगचे गणित

‘घरबसल्या महिन्याला ३० हजार कमवा, फक्त मोबाइल हवा’ असे रील किंवा फॉरवर्ड आलेला मेसेज दिवसातून एकदा तरी आपल्या नजरेस पडतो. त्यातले सगळेच खोटे असते असे नाही. घरून साड्या, कुर्ती, दागिने किंवा स्वयंपाकघरातील वस्तू विकून संसाराला हातभार लावणाऱ्या अनेक महिला आणि तरुण आहेत. मात्र, रीलमध्ये दिसतात त्या आलेल्या ऑर्डर. परत आलेली पार्सले कोणी दाखवत नाही. महिन्याअखेरीस हातात काय उरणार, हे बहुतांशी ती परत आलेली पार्सलेच ठरवतात.

रिसेलिंग म्हणजे नेमके काय?

दुसऱ्याकडून वस्तू घेऊन, त्यावर आपला नफा चढवून ती पुढे विकणे. कल्पना जुनीच आहे. दिवाळीच्या तोंडावर सुरतेहून साड्यांचा गठ्ठा आणून घरातूनच विकणाऱ्या काकू जवळपास प्रत्येक वसाहतीत असायच्या. आता गठ्ठ्याच्या जागी फोटो आणि दिवाणखान्याच्या जागी व्हॉट्सअॅप आले.

याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यात माल विकत घ्यावा लागत नाही. अॅपवरील किंवा घाऊक व्यापाऱ्याच्या मालाचे फोटो तुम्ही ओळखीच्या लोकांना पाठवता, ऑर्डर आली की माल परस्पर ग्राहकाकडे जातो आणि तुम्हाला मधला फरक मिळतो. दुसऱ्यात तुम्ही माल विकत घेऊन घरी ठेवता आणि स्वतः पॅक करून पाठवता. पहिल्यात जोखीम कमी आणि नफाही कमी. दुसऱ्यात नफा जास्त, पण पैसा अडकतो.

बिनभांडवली मार्ग अवघड का झाला?

आयआयटी दिल्लीचे पदवीधर विदित आत्रेय आणि संजीव बर्णवाल यांनी २०१५ मध्ये ‘मीशो’ सुरू केले. व्हॉट्सअॅप आणि फेसबुकवरून विक्री करणाऱ्यांना माल पुरवणे हा त्यांचा सुरुवातीचा भर होता. २०२१ मध्ये फ्लिपकार्टने ‘शॉप्सी’ आणले. २०२२ मध्ये अॅमेझॉनने ‘ग्लोरोड’ ही याच क्षेत्रातील कंपनी विकत घेतली.

पुढे मीशोने थेट ग्राहकाला विकण्यावर भर दिला. मोठ्या बाजारमंचांवर माल थेट मिळू लागल्याने मधल्या विक्रेत्याची अडचण झाली. तुम्ही ७०० रुपयांना सांगितलेली कुर्ती ग्राहकाला स्वतःच्या मोबाइलवर ५५० रुपयांना दिसली, तर ती तुमच्याकडून का घेईल? त्यामुळे निव्वळ फोटो पुढे ढकलून होणारी कमाई आटते. ग्राहक जादा पैसे देतो ते निवडीसाठी, खात्रीसाठी आणि काही बिघडल्यास फोन उचलणाऱ्या माणसासाठी.

१०० साड्यांचा हिशेब काय सांगतो?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या मालाचे आकडे टाकून हाच हिशेब करता येईल.

घाऊक बाजारातून ५०० रुपयांची साडी आणली आणि ७५० रुपयांना विकली. कागदावर नफा २५० रुपये. कुरिअरचे ७० आणि पॅकिंगचे १५ रुपये तुम्ही भरता. म्हणजे ग्राहकाने साडी ठेवून घेतली, तर उरले १६५ रुपये.

आता पार्सल परत आले असे समजा. जाण्याचे ७०, येण्याचे ७० आणि पॅकिंगचे १५ रुपये गेले. परत आलेल्या पाच साड्यांपैकी एक मळलेली किंवा घडी मोडलेली निघते आणि ती निम्म्या किमतीत काढावी लागते असे धरले, तर प्रत्येक परतीमागे आणखी ५० रुपये गेले. एकूण तोटा २०५ रुपये. म्हणजे एका परतीची भरपाई करायला साधारण सव्वा साडी विकावी लागते.

महिन्याला १०० पार्सले पाठवली तर :

– १० परत आली : उरतात १२,८०० रुपये
– २० परत आली : उरतात ९,१०० रुपये
– ३५ परत आली : उरतात ३,५५० रुपये
– ४५ परत आली : १५० रुपयांचा तोटा

चारही वेळा ऑर्डर १०० आणि मेहनत तीच. यात मोबाइलचा खर्च, बाजारात जाण्या-येण्याचे भाडे आणि तुमचा वेळ धरलेला नाही. म्हणून ‘किती ऑर्डर येतात?’ या प्रश्नाआधी ‘१०० पैकी किती परत येतात?’ हे विचारायला हवे.

परतीचे प्रमाण कमी कसे करायचे?

‘कॅश ऑन डिलिव्हरी’मध्ये ग्राहकाचे काहीच अडकलेले नसते. कुरिअरवाला दारात आला तेव्हा घरी कोणी नाही किंवा विचार बदलला, की पार्सल माघारी. त्यामुळे पाठवण्यापूर्वी फोन किंवा मेसेज करून पत्ता आणि ऑर्डर पक्की करा. नव्या ग्राहकाकडून १०० रुपये तरी यूपीआयने आगाऊ घ्या. जो १०० रुपये भरायला तयार नाही, तो ७५० रुपये देऊन पार्सल घेईल याची खात्री नसते.

फोटो दिवसाच्या उजेडात आणि स्वतः काढलेले असावेत. कापड कोणते, लांबी किती, ब्लाउज पीस आहे की नाही, रंग धुतल्यावर जातो का, हे आधीच लिहा. साडीला मापाचा प्रश्न नसतो. कुर्ती आणि चपलांना असतो. म्हणून नवख्याने मापाची भानगड नसलेल्या वस्तूंपासून सुरुवात करणे सोयीचे. पॅक करतानाचा छोटा व्हिडीओ ठेवला, तर ‘वेगळाच माल आला’ या वादात तो उपयोगी पडतो.

ओळखीत विकले तर पार्सल परत येत नाही, पण तिथे उधारी असते. सोसायटीतील किंवा शाळेच्या ग्रुपमधील ओळखीपायी ‘पुढच्या महिन्यात देते’ हे वाक्य टाळता येत नाही. उधारीची मर्यादा आणि तारीख आधीच ठरवलेली बरी.

माल कुठून आणावा?

मुंबईतील मंगलदास मार्केट, उल्हासनगर, पुण्यातील रविवार पेठ, नागपूरचे गांधीबाग हे घाऊक खरेदीचे ओळखीचे पत्ते आहेत. सोलापूरची चादर, येवल्याची पैठणी, कोल्हापुरी चप्पल यांना भौगोलिक मानांकन आहे. अशा वस्तूंच्या परिसरात राहणाऱ्यांना कारागिराकडून थेट माल घेता येतो आणि बाहेरगावच्या ग्राहकाला अस्सलपणाची खात्री देता येते. सगळीकडे मिळणाऱ्या वस्तूपेक्षा येथे भाव टिकतो. मात्र, यंत्रमागावरची साडी ‘हातमागाची पैठणी’ म्हणून विकली, तर ग्राहकही जातो आणि तक्रारही होते.

पहिल्याच खेपेला स्वस्त पडते म्हणून १०० नग उचलू नका. १५-२० नग आणा. पडून राहिलेला माल हाही तोटाच असतो.

जीएसटी आणि प्राप्तिकराचे काय?

ऑनलाइन बाजारमंचावर स्वतःच्या नावाने माल विकण्यासाठी पूर्वी पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना सवलत मिळाली. महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल आणि विक्री फक्त राज्यातच होणार असेल, तर जीएसटी पोर्टलवर पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घेऊन विक्री करता येते. कोल्हापूरहून नाशिकला माल पाठवायला हे पुरेसे आहे. बेळगावला पाठवायचा तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते, कारण तिथे राज्य बदलते.

बाजारमंच विक्रीच्या रकमेवर ०.१ टक्का टीडीएस कापतो. पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची त्या मंचावरील वार्षिक विक्री ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तो कापला जात नाही. कापलेली रक्कम विवरणपत्र भरताना तुमच्या कराच्या हिशेबात धरली जाते. नफा करपात्र उत्पन्नात मोजला जातो, मग तो व्हॉट्सअॅपवरून झालेला का असेना. व्यवसायासाठी वेगळे बँक खाते ठेवले, तर हिशेब सोपा होतो. ‘उद्यम’ नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी एजंटला पैसे देण्याची गरज नाही.

काय विकू नये?

नामांकित ब्रँडची ‘फर्स्ट कॉपी’ घड्याळे, बूट, पर्स. यात नफा मोठा दिसतो, पण बनावट ट्रेडमार्कचा माल विकणे हा गुन्हा आहे. कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ‘मी फक्त पुढे विकले’ म्हणून सुटका होत नाही. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे २०२१ पासून बंधनकारक आहे. लाडू-चिवड्यासारखे खाद्यपदार्थ विकायचे तर ‘एफएसएसएआय’ची नोंदणी लागते. पाकीटबंद वस्तू छापील कमाल किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही.

फसवणूक कशी ओळखायची?

काम देण्याआधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘स्टार्टर किट’चे पैसे मागितले, तर तिथेच थांबा. वस्तू विकण्यापेक्षा नवे सदस्य जोडण्यावर कमाई ठरत असेल, तर तो व्यवसाय नसून साखळी योजना आहे. २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार अशा पिरॅमिड योजनांना मनाई आहे.

जुन्या वस्तू विकताना ‘पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा’ असा मेसेज येतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे जमा होणे नव्हे. खाते तपासूनच माल सोडा. फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम रोखण्याची शक्यता कमी.

‘नियमित उत्पन्न’ कधी म्हणायचे?

गौरी-गणपती ते दिवाळी आणि लग्नसराईत माल जातोच. पितृपक्षात खरेदी थंडावते, जूनमध्ये घरचा पैसा वह्या-पुस्तकांवर जातो. त्यामुळे दिवाळीच्या महिन्याची कमाई गुणिले १२ हा हिशेब फसवा आहे. हप्ते, कर्ज किंवा नोकरी सोडण्याचा निर्णय त्यावर घेऊ नये.

एका वहीत पाच रकाने आखा : खरेदी, कुरिअर आणि पॅकिंग, परतीचा तोटा, उधारी, प्रत्यक्ष जमा. सणाचा एक आणि मंदीचे दोन, असे किमान तीन महिने ते भरा. मंदीच्या महिन्यातही जी रक्कम उरते, तेवढेच उत्पन्न धरून घरखर्चाचे नियोजन करा. त्याच त्या ग्राहकांकडून पुन्हा ऑर्डर येऊ लागल्या आणि परतीचा आकडा खाली आला, तरच पुढची खेप वाढवा.