काम आपले, नाव कोणाचे?

आमच्या कारागीर बंधूंकडून एक तक्रार वारंवार कानावर येते. खत लिहिणारा, काचेवर रंगकाम करणारा, लाकडावर कोरणारा माणूस दहा-पंधरा वर्षे एखाद्या दुकानाला माल पुरवतो. गिऱ्हाईक दुकानाचे नाव लक्षात ठेवते. दुकानदाराने एके दिवशी हात आखडला की हा कारागीर पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, कारण बाजारात त्याला नावाने कोणी ओळखतच नाही. हल्ली ज्याला 'पर्सनल ब्रँड' म्हणतात, त्याची गरज नेमकी इथे पडते.

शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. बादशहा जहांगीर यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, चित्र समोर आले की कोणी नाव न सांगताही ते कोणाच्या हातचे हे आपण ओळखतो. उस्ताद मन्सूर यांना त्यांनी 'नादिर-उल-अस्र' हा किताब दिला तो अशाच ओळखीतून. ताजमहालावर हजारो कारागिरांचा घाम पडला. पण तिथल्या लेखनात सही आढळते ती अमानत खान शिराझी या खुशनवीसाची. 

काही बंधूंना सही करणे म्हणजे दिखावा वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. जुने कातिब लिखाणाच्या तळाशी 'कतबहू' लिहून आपले नाव घालीत, ती त्या लिखाणाची जबाबदारी होती. आयतीच्या चौकटीत सही नको असेल तर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत करावी, मागच्या बाजूला पूर्ण नाव, गाव आणि वर्ष लिहावे. मात्र सही दर वेळी एकसारखी हवी. बिलावर एक नाव, पाटीवर दुसरे, इन्स्टाग्रामवर तिसरे, असे असेल तर ओळख जमत नाही.

नाव कसे जमते याचे आपल्याच राज्यातले उदाहरण मकबूल फिदा हुसेन यांचे. १९१५ साली पंढरपुरात जन्म, मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरले, मुलांच्या खोलीसाठी लाकडी सामान व खेळणीही केली. १९४७ मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले. त्यांच्या चित्रांवरून पुढे जे वाद झाले, ज्यामुळे २००६ साली त्यांना देश सोडावा लागला, तो आजचा विषय नव्हे. धंद्याच्या नजरेने पाहायचे ते एवढेच, की लोकांना त्यांचे अनवाणी चालणे आणि हातातला लांब ब्रश आठवतो, पण त्याआधी त्यांची ठसठशीत रेघ होती आणि वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येणारे घोडे होते. सही झाकली तरी चित्र कोणाचे ते कळे. नुसते अनवाणी फिरून कोणी हुसेन होत नाही.

त्यांचे १९५४ चे 'ग्रामयात्रा' हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. हुसेन २०११ सालीच वारले होते. चित्र त्यांनी फार पूर्वी विकलेले, तेव्हा ही रक्कम चित्राच्या मालकाची. याच ठिकाणी आमच्या कायद्यातील एक कलम फारच थोड्या चित्रकारांना ठाऊक आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५३-अ: मूळ चित्र पुन्हा दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीतील वाटा मागता येतो. हा वाटा दहा टक्क्यांच्या वर जात नाही. मात्र अट अशी, की कॉपीराइटचा पहिला मालक चित्रकार स्वतः असला पाहिजे.

आणि गाडी अडते ती इथेच. त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे चित्र किंवा व्यक्तिचित्र कोणी पैसे देऊन सांगून करवून घेतले, आणि वेगळा करार झालेला नसला, तर कॉपीराइटचा पहिला मालक ते करवून घेणारा ठरतो. पगारी नोकरीत केलेल्या कामालाही साधारण तोच नियम. म्हणजे ऑर्डर तोंडी घेतली की दुकानदार तुमच्या चित्राची कॅलेंडरे, कार्डे, पोस्टर छापीत बसला तरी तुम्हाला बोलायला जागा उरत नाही. इलाज स्वस्त आहे. ऑर्डर घेतानाच बिलावर एक ओळ लिहून दोघांनी सही करावी: 'मूळ चित्र विकले आहे, कॉपीराइट व छपाईचे हक्क चित्रकाराकडे राहतील.' सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे हे आपण सारे जाणतो. ऑर्डरच्या वेळी मात्र 'आपलाच माणूस आहे' म्हणून कागद काढायला लाजतो.

हक्क लिहून दिले तरी एक गोष्ट हातची जात नाही. कलम ५७ प्रमाणे काम आपले आहे असे सांगण्याचा आणि त्याच्या मोडतोडीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले. त्यांनी सरकारवर दावा लावला. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा हुकूम केला. एवढी वर्षे लढण्याची ऐपत सगळ्यांकडे नसते, हे आम्हालाही कळते. पण हक्क आहे हे ठाऊक असले की पुष्कळदा एका पत्रातच समोरचा माणूस नरमतो.

त्यासाठी पुरावा हवा. काम हातावेगळे करण्यापूर्वी त्याचा सहीसकट स्वच्छ फोटो काढावा. एका वहीत तारीख, माप, किंमत आणि कोणाला दिले ते लिहावे. कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. केली तर साध्या कलाकृतीची फी पाचशे रुपये, मालावर वापरायच्या कलाकृतीची दोन हजार. हा हक्क कलावंताच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे चालतो. आपले नाव किंवा सही ट्रेडमार्क म्हणून नोंदवायची असल्यास एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गासाठी साडेचार हजार रुपये आहे; नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण होते. नुसता फोटोंवर खर्च करणाऱ्यांनी आधी ही वही सुरू करावी. ज्यांचे जुने काम गिऱ्हाइकांच्या घरी टांगलेले आहे, त्यांनी सलामदुवा करून त्याचेही फोटो मागून घ्यावेत. बहुतेक लोक आनंदाने देतात.