गाडीत जागा मिळालेले संदेश

कर्करोग म्हणजे जनुकातला बिघाड, हे समीकरण शाळकरी पुस्तकांपासून आपल्या मनात पक्कं बसलं आहे. ते चुकीचं नाही, अपुरं आहे. १९९० साली माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात नहूम सोनेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या पेशींमध्ये एक प्रथिन जादा प्रमाणात तयार करवलं. प्रथिन अगदी नेहमीचं, प्रत्येक निरोगी पेशीत असणारं. त्याच्या रचनेत एकही चूक नव्हती. एरवी बशीत वाढणाऱ्या या पेशी शेजारणीला टेकल्या की वाढ थांबवतात. आता त्या एकमेकींवर चढून ढीग करू लागल्या आणि उंदरांत टोचल्यावर त्यांच्या गाठी झाल्या.

या प्रथिनाचं नाव ईआयएफ-४ई.

त्याचा शोध त्याआधी बारा वर्षं, १९७८ मध्ये, न्यू जर्सीतल्या नटली इथे लागला होता. आरोन शॅटकिन यांच्या ज्या प्रयोगशाळेत तो लागला, तिथे सोनेनबर्ग तेव्हा तरुण संशोधक होते. जनुकाचा निरोप घेऊन येणाऱ्या संदेशवाहक आरएनएच्या डोक्यावर एक रासायनिक टोपी असते. ईआयएफ-४ई ती टोपी पकडतं, मग ४जी आणि ४ए हे त्याचे जोडीदार जमतात. यातलं ४ए आरएनएच्या सुरुवातीचा गुंता सोडवतं आणि रायबोसोमला उतरायला जागा होते. प्रथिन बनायला सुरुवात होते ती यानंतर.

पेशीत ईआयएफ-४ई मुबलक नसतं, आणि खरी गोम तिथेच आहे. गर्दीच्या स्टँडवर एसटी लागली की चपळ माणसं आधी चढतात, गाठोडी-बोचकी घेतलेली खाली राहतात. जादा गाडी सोडली तरच त्यांना जागा मिळते. पेशीच्या रोजच्या कारभाराची प्रथिनं बनवणारे संदेश आखूड, सुटसुटीत सुरुवातीचे असतात, त्यांचं काम थोडक्यात भागतं. सी-मिक, सायक्लिन-डी१, नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं व्हीईजीएफ यांच्या संदेशांची सुरुवात मात्र लांब आणि गुंतागुंतीची. ईआयएफ-४ई वाढलं की सर्वाधिक फायदा होतो तो या मागे राहिलेल्यांचा, आणि हे सगळे वाढीचे हुकूम देणारे. एकूण प्रथिनं किती बनली यापेक्षा कोणती बनली, हा प्रश्न जास्त गंभीर आहे.

लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या शल्यविशारदांना हे प्रत्यक्ष रुग्णांत दिसलं. डोकं-मानेच्या कर्करोगात गाठीसोबत भोवतालची थोडी निरोगी कडही कापतात. ती कड सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसली की शस्त्रक्रिया पुरी झाली असं मानतात. १९९७ मध्ये या गटाने दाखवलं, की अशा 'स्वच्छ' कडेत ईआयएफ-४ई वाढलेलं असेल, तर रोग उलटण्याचा धोका जास्त. पेशींचा आकार अजून बिघडलेला नाही, पण आतला कारभार बिघडला आहे. तंबाखू, गुटखा आणि मिश्रीने पोखरलेल्या आपल्या महाराष्ट्राने हे निष्कर्ष लक्ष देऊन वाचायला हवेत. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो.

पेशीने या प्रथिनाला लगामही ठेवला आहे. ४ई-बीपी नावाची प्रथिनं ईआयएफ-४ईला धरून ठेवतात. अन्न, वाढसंप्रेरकं भरपूर असली की एमटॉर नावाचं एन्झाइम ४ई-बीपीवर फॉस्फेट चढवतं आणि ती पकड सुटते. अनेक कर्करोगांत एमटॉर कायम चालूच राहतं. त्याला रोखणारं रॅपामायसिन सापडलं ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूत. १९६४ साली हॅलिफॅक्सहून निघालेल्या मोहिमेने ती माती आणली होती, आणि त्या रेणूसाठी आयुष्य वेचलं ते सुरेन सेहगल या अविभाजित भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने. कंपनीने काम थांबवलं, तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपला. या चिकाटीचं मोल आज हजारो रुग्णांच्या आयुष्यात मोजता येतं. मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी त्याची भावंडं, टेमसिरोलिमस २००७ मध्ये आणि एव्हेरोलिमस २००९ मध्ये, अमेरिकेत मंजूर झाली. पण यश अर्धवटच राहिलं. रॅपामायसिन एमटॉरची काही कामं थांबवतं, ४ई-बीपीवरची फॉस्फेटं मात्र पुरती उतरवत नाही. शिवाय एखाद्या गाठीत ४ई-बीपी उरलंच नसेल, तर एमटॉर रोखून लगाम परत येणार कुठून?

मग थेट ईआयएफ-४ईवरच घाव का घालू नये? त्याशिवाय निरोगी पेशीचंही चालणार नाही, ही भीती रास्त होती. डेव्हिडे रुग्गेरो यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या गटाने २०१५ मध्ये तिला उत्तर दिलं. ईआयएफ-४ई जेमतेम निम्मं असलेले उंदीर त्यांनी घडवले. ते नीट वाढले, पण कर्करोग त्यांच्यात सहज रुजेना. निरोगी पेशीला निम्म्यात भागवता येतं, कर्करोगी पेशीला येत नाही.

माँट्रियलमध्येच कॅथरीन बोर्डेन यांनी त्यासाठी जुनं औषध निवडलं: हिपॅटायटिस-सीवर दिलं जाणारं रिबाव्हिरिन. ते टोपीची जागा अडवतं, असं त्यांचं प्रतिपादन. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या मोजक्या रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. उपाय संपत आलेल्या काहींचा रोग ओसरला. पुढे मात्र तो उलटला. पेशींनी जीएलआय-१ नावाच्या प्रथिनाच्या जोरावर औषधाला साखरेचा रेणू चिकटवून ते निकामी केल्याचं २०१४ मध्ये उघड झालं, आणि पुढच्या चाचणीत रिबाव्हिरिनसोबत जीएलआय-१चा मार्ग रोखणारं औषधही दिलं गेलं.