मधलं टिंब

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं उल्हासनगर छोट्या कारखान्यांचं गाव आहे. कॅम्प ५मधल्या एका चष्म्याच्या दुकानातही मागच्या पडद्याआड असाच टेबलभर कारखाना चालतो.

जुना चष्मा आला की दुकानदार तो डोळ्यासमोर धरून भिंतीवरच्या कॅलेंडरची उभी कड बघतात आणि चष्मा हळूच डावी-उजवीकडे हलवतात. कड उलट दिशेला सरकली तर नंबर प्लस, काचेबरोबर सरकली तर मायनस. मग पेटीतली विरुद्ध नंबरची काच त्यावर टेकवायची. कड हलायची थांबली की नंबर सापडला. नंबर मोजणारा लेन्सोमीटर शेजारी असूनही ते आधी हेच करतात, आणि मला ते बघत राहावंसं वाटतं. दहावीच्या ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या धड्यातली बेरीज इथे डोळ्यांना दिसते: प्लस दोन आणि मायनस दोन मिळून शून्य. एकट्या प्लस दोनच्या काचेतून ऊन अर्ध्या मीटरवर एकवटतं. मायनसची काच ते फाकवते.

चष्म्याच्या प्लॅस्टिकमध्ये प्रकाशाचा वेग सुमारे दोन तृतीयांश होतो. तिरक्या पृष्ठभागावर पडलेला किरण म्हणूनच वळतो, आणि काठाकडे जावं तसा जास्त वळतो. प्रकाशीय केंद्रातून जाणारा मात्र सरळ जातो. परीक्षेत एका गुणाचं हे वाक्य इथे सगळ्या कामाचा पाया आहे.

मायनस चारचा चष्मा करायला आलेल्या मुलीच्या नाकावर पट्टी धरून त्यांनी दोन बाहुल्यांमधलं अंतर घेतलं: ६० मिलिमीटर. केंद्र बाहुलीपासून ५ मिलिमीटर बाजूला गेलं, तर एक मीटरवरची वस्तू त्या डोळ्याला २ सेंटिमीटर सरकलेली दिसते. नंबर अचूक असूनही डोकं दुखतं, कारण दोन चित्रं जुळवायला डोळ्यांचे स्नायू सतत ओढले जातात. शाळेच्या प्रयोगात नाभीय अंतर मोजून घेतात. केंद्र चुकलं तर काय होतं हेही मुलांना एकदा दाखवायलाच हवं.

लेन्सोमीटर काचेवर शाईची तीन टिंबं उमटवतो. मधलं टिंब म्हणजे केंद्र. ते बाहुलीच्या जागी येईल अशी काच चाकावर चढते, पाण्याखाली पांढरा गाळ सोडत फ्रेमच्या आकाराला येते. मध्ये पातळ, काठाला जाड.

काचा बसल्या तरी शाई लगेच पुसत नाहीत. दोन मधल्या टिंबांमध्ये पुन्हा पट्टी लागते. ६० भरले तर फडकं, नाही तर नवी काच.