बलुत्याकडून बिलाकडे

आपल्या समाजातील शिकलेला माणूस नोकरीच्या आधाराने उभा राहिला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा आणि शेवटी दरमहा येणारा पगार हा त्याचा रस्ता होता. आज तो रस्ता अरुंद झाला आहे. महाविद्यालयांतील कित्येक जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवल्या जातात आणि त्या जागांवरचे काम तासिका तत्त्वावर उरकले जाते. मीही त्यांतलाच एक. घरातला पहिला पदवीधर. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की मिळकत बंद. म्हणून गेली सहा वर्षे मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करण्याचा स्वतंत्र व्यवसाय करतो आहे. ‘सर, हे काम सुरू कसे करायचे?’ असे माझे विद्यार्थी विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर व्यवहाराचे आहे, पण केवळ व्यवहाराचे नाही.

स्वतंत्र व्यवसाय म्हणजे आपल्या श्रमाची किंमत आपण सांगणे. नेमकी हीच गोष्ट गावगाड्याने आपल्या पूर्वजांना कधी करू दिली नाही. बलुत्यात काम ठरलेले नव्हते, वेळ ठरलेली नव्हती, मोबदला मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर ठरत होता. येसकराने हाकेला धावायचे आणि सुगीत पदरी पडेल ते घ्यायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यामागे ही जाणीव होती. वतनाने जमिनीचा तुकडा दिला आणि त्या बदल्यात माणूस चोवीस तास बांधून घेतला. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. कायद्याने वतन गेले, पण दाम मागताना जीभ अडखळते, ती सवय इतक्या लवकर जात नाही. ‘किती घेणार?’ असे समोरच्याने विचारले की आपला सुशिक्षित तरुण म्हणतो, ‘द्या काय ते समजून.’ हे बलुत्याचेच वाक्य आहे.

दुसरी अडचण ओळखीची. पांढरपेशा घरातील मुलाला पहिले काम मामाच्या मित्राकडून, वडिलांच्या कचेरीतून मिळून जाते. त्याला तो स्वतःचे कर्तृत्व म्हणतो. आपल्याकडे असा मामा नसतो. खुद्द बाबासाहेबांना हे चुकले नाही. बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईस परतले, तेव्हा त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके येईनाशी झाली. १९२३ साली त्यांनी बॅरिस्टर म्हणून वकिली सुरू केली, तेव्हाही सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे खटले देईनात. विद्या तीच, पदव्या इतरांपेक्षा अधिक. पण काम मधल्या माणसाच्या हातून येत होते आणि तो हात आखडता होता. तेव्हा मिळतील ते खटले त्यांनी चालवले आणि १९२५ ते १९२८ या काळात एका अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदाही शिकवला. एका हाताने व्यवसाय रुजवायचा आणि दुसऱ्या हाताने पोट सांभाळायचे, हा मार्ग त्यांनाही धरावा लागला. म्हणून हातातील तासिका सोडून एकदम उडी घेऊ नका, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. किमान सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी असल्याखेरीज केवळ व्यवसायावर विसंबू नये.

आता प्रत्यक्ष सुरुवात. ओळख नाही, तेथे नमुना बोलला पाहिजे. तीन निरनिराळ्या विषयांवरचे सुमारे पाचशे शब्दांचे उतारे निवडावेत आणि त्यांचा अनुवाद करून तयार ठेवावा. ज्यांचे स्वामित्वहक्क संपले आहेत असे लेखन यासाठी सोयीचे. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हा हक्क संपतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०१७ पासून असे खुले आहे. पण तिन्ही नमुने जातिप्रश्नावरचे नसावेत. एक आरोग्याचा असावा, एक बँकेच्या किंवा शेतीच्या व्यवहाराचा असावा. दलित अनुवादकाला दलित विषयच द्यायचे, बाकीचे काम ‘आपल्या’ माणसाला, ही नवी गावकुसाबाहेरची वस्ती आहे. तिच्यात आपणहून राहायला जाऊ नये.

दर ठरवताना आधी घड्याळ लावून स्वतःचे काम मोजावे. हजार शब्दांच्या अनुवादाला मला चार तास लागतात आणि तपासायला एक. समजा, शब्दाला एक रुपया दर घेतला, तर पाच तासांचे हजार रुपये, म्हणजे तासाला दोनशे. त्यातून वीज, इंटरनेट, शब्दकोश आणि काम नसलेले दिवस वजा करा. एवढा हिशेब केला म्हणजे आपला दर आपल्याला कळतो आणि मग तो सांगताना आवाज खाली जात नाही. मूळ मजकुराचे शब्द मोजायचे की अनुवादाचे, हेही आधी ठरवावे. इंग्रजीतून मराठीत आल्यावर शब्दसंख्या बदलते आणि भांडण तेथेच होते.

त्यानंतर करार. करार म्हणजे मुद्रांकाचा कागदच हवा असे नाही. काम किती, दर काय, मुदत कोणती, किती वेळा दुरुस्ती करून देणार आणि पैसे केव्हा, एवढे लिहिलेले पत्र आणि त्याला आलेला लेखी होकार पुष्कळ असतो. मोठ्या कामाला तिसरा हिस्सा आगाऊ मागावा. पुस्तकाचा अनुवाद असेल तर १९५७ चा कॉपीराइट कायदा ध्यानात घ्यावा. मूळ पुस्तकाच्या अनुवादाची परवानगी असेल, तर अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क निर्माण होतो. तो दुसऱ्याकडे द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. हक्क विकला तरी, हे लेखन माझे आहे असे सांगण्याचा अधिकार उरतोच. एका प्रकाशकाने माझे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून आणि आतल्या पानावरूनही गाळले होते. पुढच्या कामाच्या पत्रात नाव कोठे येईल ही ओळ मी पहिल्यांदा लिहिली. ज्यांच्या आज्यापणज्यांची नावे गावाच्या दप्तरात केवळ जातीने नोंदली गेली, त्यांना नावाच्या ओळीचे मोल वेगळे सांगायला नको.

काम दिले की त्याच दिवशी बिल द्यावे. बिलावर क्रमांक, दिनांक, शब्दसंख्या, दर, बँकेचा तपशील आणि पॅन असावा. पैसे थकवले जातात तेव्हा आपण गप्प बसतो, कारण कायदा आपल्या बाजूने आहे हे आपल्याला ठाऊक नसते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात सेवा देणारा एकटा माणूसही बसतो. त्याने ‘उद्यम’ नोंदणी केलेली असली, तर पैसे देण्याची मुदत करारानेही पंचेचाळीस दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. करारच नसेल तर ती पंधरा दिवसांची असते. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि सुलभीकरण परिषदेकडे तक्रार करता येते. ही नोंदणी निःशुल्क आहे, म्हणून दलालाला पैसे देऊ नयेत. मात्र ती काम घेण्यापूर्वी करावी. संस्था मानधनातून बहुधा दहा टक्के कर कापून घेतात. आपले उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते. कितीतरी मुले विवरणपत्र भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सरकारात सोडून देतात.

यंत्राने होणाऱ्या अनुवादाबद्दल आज सर्वत्र बोलले जाते. साधा मजकूर यंत्र झटपट उलथून देते आणि त्यामुळे दर पडले, हे खरे आहे. पुष्कळदा आता यंत्राचा मसुदा दुरुस्त करण्याचेच काम येते. त्याचा दर वेगळा, आणि तो तासावर ठरवावा. पण ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणजे खचलेली माणसे नव्हेत, तो विशिष्ट काळातला सरकारी शब्द आहे. तराळ, हाडकी हाडोळा, गावकी या शब्दांमागे एक अख्खी व्यवस्था उभी आहे, हे ओळखणारा माणूस लागतो. ही भाषा आपण विद्यापीठात शिकलो नाही. ती घरातून आली. जिला कालपर्यंत अशुद्ध म्हणून हिणवले, ती आज आपले भांडवल आहे.

शेवटी एक अवघड मुद्दा. फुकट काम आपल्याकडे सर्वांत जास्त कोण मागते? आपलीच माणसे. ‘आपल्या चळवळीचे काम आहे, पैसे काय घ्यायचे?’ असे म्हणणारा कार्यकर्ता मंडपवाल्याला आणि छापखान्याला रोख पैसे देतो. अक्षरांचे श्रम मात्र त्याला श्रम वाटत नाहीत. चळवळीने मला शिकवले, तिचे ऋण मी मानतो. म्हणून वर्षात ठराविक दिवस मी तिच्यासाठी विनामूल्य काम करतो. परंतु त्याचेही बिल करतो, पूर्ण किंमत लिहितो आणि खाली ‘देणगी’ असे लिहून ती सोडून देतो. किंमत सांगून सोडली तर ते दान होते. किंमतच न सांगता दिले तर ती वेठ होते, मग घेणारा पाटील असो वा आपला अध्यक्ष.

या व्यवसायाने कोणाचे दारिद्र्य एका वर्षात फिटणार नाही. मला तिसऱ्या वर्षी तासिकांइतकी मिळकत अनुवादातून होऊ लागली आणि अजूनही तिला खंड पडतो. रिकाम्या जागा भरा ही मागणी त्यामुळे यत्किंचितही मागे पडत नाही. राज्यकर्त्यांनी नोकऱ्या बुडवायच्या आणि आम्हाला ‘स्वावलंबी व्हा’ म्हणायचे, हा डाव आपण ओळखला पाहिजे. पण जागांसाठी लढत असताना हात रिकामे ठेवण्याचे कारण नाही. आपल्या तरुणांनी दर सांगायला शिकावे, कागद करायला शिकावे आणि एकाला काम जास्त झाले की ते दुसऱ्या मुलाकडे त्याच दराने वळवावे. ओळखीचा जो मामा आपल्याला मिळाला नाही, तो पुढच्या मुलासाठी आपणच झाले पाहिजे.