क्षयरोगावरील औषधसेवन : सातत्य आणि सावधगिरी

क्षयरोग्याच्या हाती औषध देताना त्याला दोन सूचना दिल्या जातात. औषध एक दिवसही चुकवू नये, ही पहिली. आणि काही विशिष्ट लक्षणे दिसताच ते थांबवून तत्काळ वैद्याकडे यावे, ही दुसरी. वरवर पाहता ह्या सूचना परस्परविरोधी वाटतात. व्यवहारात असे घडते की, पहिली सूचना आग्रहाने ठसविली जाते आणि दुसरी ओझरती सांगितली जाते. त्यामुळे जेथे थांबावयास हवे तेथे रोगी थांबत नाही आणि जेथे थांबू नये तेथे थांबतो.

पहिल्या सूचनेमागील कारण जंतूंच्या संख्येत आहे. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, तेव्हा हा रोग जिंकल्यासारखा वाटला. परंतु १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत असे आढळले की, आरंभी सुधारलेले अनेक रोगी पुन्हा खालावले, कारण औषधास न जुमानणारे जंतू त्यांच्या शरीरात माजले होते. असे जंतू औषधामुळे जन्मास येत नाहीत. ते मूळचेच तेथे असतात. सुमारे दहा लाख जंतूंमध्ये एखादा आयसोनिआझिडला दाद देत नाही; रिफॅम्पिसिनच्या बाबतीत हे प्रमाण दहा कोटींत एक असे आहे. फुप्फुसातील एखाद्या विवरात दहा कोटींच्या आसपास जंतू असू शकतात. म्हणजे एकच औषध दिल्यास पराभव जवळजवळ ठरलेलाच! दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू मात्र एकावर चौदा शून्ये इतक्या संख्येत एखादाच. संयुक्त औषधयोजनेचा सारा पाया ह्या साध्या गुणाकारावर उभा आहे. भारतात आज औषधांना दाद देणाऱ्या क्षयावर पहिले दोन महिने आयसोनिआझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे दररोज, वजनानुसार दिली जातात. ती एकाच गोळीत एकत्र केलेली असतात, ह्यामागे रोग्याने त्यांतील एखादे परस्पर गाळू नये हाही हेतू आहे.

खोकला व ताप काही आठवड्यांतच ओसरतात. मंदगतीने वाढणारे जंतू मात्र शिल्लक असतात. नेमक्या ह्याच काळात औषध सुटते. १९५६ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने घरी राहून उपचार घेणाऱ्या आणि आरोग्यधामात ठेवलेल्या रोग्यांची तुलना केली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, निकृष्ट आहार व दाटीवाटीची घरे असूनही घरच्या रोग्यांना येणारा गुण जवळजवळ तितकाच होता. ह्या निष्कर्षाने आरोग्यधामांचे महत्त्व ओसरले. पण एक नवा प्रश्नही उभा राहिला. घरात पोहोचलेली गोळी पोटात पोहोचलेली असतेच असे नाही! म्हणूनच त्या केंद्राच्या कार्यकर्त्यांनी अवचित घरी जाऊन गोळ्या मोजण्याची आणि मूत्रतपासणीची पद्धत अवलंबिली.

आता दुसऱ्या सूचनेकडे वळू. रिफॅम्पिसिनमुळे मूत्र, घाम व अश्रू नारिंगी-तांबूस होतात. हा केवळ रंग आहे, अपाय नव्हे. परंतु हे आधी न सांगितल्यास रक्त जात असल्याच्या समजुतीने रोगी औषध टाकून देतो. ह्याउलट मूत्र गडद तपकिरी होणे, डोळे पिवळे पडणे, अन्नाचा तिटकारा, सततची मळमळ व ओकारी ही यकृताला इजा होत असल्याची चिन्हे होत. आयसोनिआझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृतास बाधक ठरू शकतात. मद्यपानाने हा धोका वाढतो. अशा वेळी सर्वच औषधे थांबवून त्याच दिवशी वैद्यास गाठणे आवश्यक असते. रक्ततपासणीनंतर, यकृत पूर्ववत होऊ लागल्यावर, वैद्य एकेक औषध क्रमाने पुन्हा सुरू करतो. रोग्याने स्वतःच एखादे औषध गाळून बाकीची चालू ठेवणे मात्र घातक, कारण मग वर सांगितलेला गुणाकारच मोडतो.

इथॅम्ब्युटॉलचा परिणाम दृष्टीच्या मज्जातंतूवर होऊ शकतो. दिसणे अंधुक होणे, तांबड्या-हिरव्या रंगांतील भेद न कळणे ही त्याची पहिली खूण. औषध वेळीच बंद केल्यास दृष्टी बहुधा सुधारते. दवडलेला काळ मात्र भरून निघेलच असे नाही. आयसोनिआझिडमुळे हातापायांना मुंग्या येतात. ज्यांच्या शरीरात ह्या औषधाचे विघटन सावकाश होते, तसेच जे कुपोषित, मधुमेही वा मद्यासक्त असतात, त्यांना हा त्रास अधिक होतो. पायरिडॉक्सिन हे जीवनसत्त्व दिल्यास तो टळतो. पायराझिनामाइडने रक्तातील यूरिक आम्ल वाढून सांधे दुखतात, परंतु तेवढ्यावरून उपचार सोडण्याचे कारण सहसा नसते.

रिफॅम्पिसिनचा आणखी एक गुणधर्म पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. ते यकृतातील विकरांना चेतवून इतर अनेक औषधांचा निचरा लवकर घडवून आणते. संततिप्रतिबंधक गोळ्या त्यामुळे निष्प्रभ ठरू शकतात. रक्त गोठू न देणारे वॉरफरिन आणि एचआयव्हीवरील काही औषधे ह्यांच्याही मात्रा वा निवड बदलावी लागते. यास्तव आधीपासून चालू असलेली सर्व औषधे, काढे व चूर्णे ह्यांसह, वैद्यास सांगणे अगत्याचे आहे. रिफॅम्पिसिन रिकाम्या पोटी अधिक चांगले शोषले जाते, आणि ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशकाने आयसोनिआझिडचे शोषण घटते. म्हणून पोटातील जळजळीवर घरचे आम्लनाशक औषध गोळ्यांबरोबरच घेऊ नये. मळमळ असह्य होत असल्यास थोड्या खाण्यानंतर गोळ्या घेण्यास वैद्य अनुमती देतात, कारण शोषणातील थोडी घट पत्करणे औषध सुटण्यापेक्षा बरे. चुकलेल्या दिवसाची मात्रा दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घेऊ नये. काही दिवसांचा खंड पडला असल्यास आपल्या मनाने पुन्हा आरंभ न करता प्रथम केंद्रात कळवावे. कारण रिफॅम्पिसिन अनियमितपणे घेतल्यास थंडीताप आणि क्वचित रक्तातील बिंबाणू घटणे ह्यांसारख्या प्रतिक्रिया उद्भवू शकतात.