गणपतीसोबतच्या फोटोत चेहरे काळे का येतात? समजून घ्या कॅमेऱ्याच्या 'ऑटो'चं गणित

आरती संपते. मखराच्या मागे एलईडीच्या माळा झगमगत असतात. घरातले सगळे बाप्पाच्या शेजारी उभे राहतात आणि कुणीतरी पटकन फोटो काढतं. नंतर बघावं तर माळा लख्ख आणि माणसांचे चेहरे काळवंडलेले. 'फोनच बेकार आहे' असं म्हणून विषय संपतो.

पण हाच प्रकार महागड्या कॅमेऱ्यातही होतो. कारण दोष बऱ्याचदा 'ऑटो एक्स्पोजर'च्या अंदाजात असतो.

एक्स्पोजर म्हणजे काय?

फोटो काढताना सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा, याचं प्रमाण म्हणजे एक्स्पोजर. लेन्सचं छिद्र किती मोठं (अ‍ॅपर्चर) आणि प्रकाश किती वेळ आत येणार (शटर स्पीड) यावर ते ठरतं. मिळालेला सिग्नल किती वाढवायचा, हे आयएसओ ठरवतो. बहुतेक फोनमध्ये छिद्राचा आकार कायम असतो, त्यामुळे फोन उरलेल्या दोन गोष्टींशी खेळतो.

हे काम स्वतःहून करणारा पहिला कॅमेरा कोडॅकने १९३८ मध्ये आणला. 'सुपर सिक्स-२०' हे त्याचं नाव.

मग गडबड कुठे होते?

समोरची वस्तू मुळात काळी आहे की पांढरी, हे कॅमेऱ्याच्या मीटरला कळत नाही. तिच्यावरून परत येणारा प्रकाश तेवढा तो मोजतो. म्हणून एक गोष्ट गृहीत धरलेली असते: सगळ्या दृश्याची सरासरी काढली तर ती मध्यम राखाडी येईल. फोटोग्राफीत यासाठी १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारा राखाडी रंग प्रमाण मानतात.

रोजच्या दृश्यांत हा हिशोब जमतो. टोकाच्या दृश्यांत फसतो.

पांढऱ्या साडीतली आजी पांढऱ्या भिंतीपुढे बसली, की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला. तो फोटो गडद करतो आणि साडी मळकट दिसते. संक्रांतीची काळी साडी फ्रेमभर असेल तर उलटं होतं. कॅमेरा उजेड वाढवतो आणि काळा रंग विटल्यासारखा राखाडी होतो. नाटकात अंधाऱ्या रंगमंचावर एकाच नटावर प्रकाशझोत असेल, तर कॅमेरा अंधार उजळायला जातो आणि नटाचा चेहरा पांढराफटक होतो.

मखरामागच्या माळांचंही तेच. त्या झगमगाटामुळे सरासरी वर जाते, कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि त्याची किंमत चेहरे मोजतात.

नवीन कॅमेऱ्यांनी यावर काय केलं?

१९८३ मध्ये निकॉनच्या 'एफए' कॅमेऱ्यात फ्रेमचे वेगवेगळे भाग करून प्रकाश मोजण्याची पद्धत आली. आजचे फोन चेहरा ओळखतात. 'एचडीआर'मध्ये एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतात. याने फरक पडतो, पण अंदाज शेवटी अंदाजच राहतो.

त्याचा फटका सावळ्या माणसांना जास्त बसतो. उजळ पार्श्वभूमीवर त्यांचा चेहरा अंधारात जातो, तर क्लोजअपमध्ये कॅमेरा तोच चेहरा आहे त्यापेक्षा उजळ करून टाकतो. दोन्ही वेळा फोटोतला माणूस स्वतःसारखा दिसत नाही. गुगलने २०२१ मध्ये 'पिक्सेल ६' सोबत 'रिअल टोन' आणलं, तेव्हा सावळ्या त्वचेसाठी ऑटो एक्स्पोजरमध्ये सुधारणा करण्याचा त्यात समावेश होता.

तुम्ही काय करू शकता?

• स्क्रीनवर चेहऱ्यावर टॅप करा. बहुतेक फोन त्या जागेनुसार प्रकाश ठरवतात.

• टॅप केल्यावर अनेक फोनमध्ये सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी दिसते. ती सरकवून उजेड कमी-जास्त करा. कॅमेऱ्यात यासाठी प्लस-मायनस असलेलं 'एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन' असतं.

• साधा नियम लक्षात ठेवा: फ्रेममध्ये पांढरं जास्त तर प्लस, काळं जास्त तर मायनस. ऐकायला उलटं वाटतं, पण कॅमेऱ्याची चूक अशीच दुरुस्त होते.

• व्हिडिओ काढताना उजेड सतत वर-खाली होत असेल, तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये एक्स्पोजर लॉक होतं.

• खात्री नसेल तर फोटो थोडा गडद ठेवा. गडद भाग नंतर एडिटिंगमध्ये काही प्रमाणात उजळता येतो. पूर्ण पांढरा झालेला भाग मात्र परत आणता येत नाही, कारण तिथे माहितीच उरलेली नसते.

• आणि सगळ्यात सोपा उपाय: फोटोपुरत्या मागच्या माळा बंद करा, समोरचा दिवा लावा.

फ्रेममध्ये उजेड किती आहे, हे कॅमेऱ्याला कळतं. त्यात आजी महत्त्वाची की माळा, हे तुम्हालाच सांगावं लागतं. त्यासाठी एक टॅप पुरतो.